कोशिरच्या चाहत्याचे हाल

स्लोव्हेनियाच्या झान कोशिर या स्नोबोर्डपटूचा, म्हणजे फळीवर उभे राहून बर्फाच्या उतारावरून घसरणाऱ्या गड्याचा, चाहता होण्यात मनस्ताप फार आहे. २०१४ साली रशियातल्या सोचीत समांतर स्लालमचे (दोघांनी शेजारशेजारून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीचे) रौप्य व त्याहून मोठ्या वळणांच्या समांतर जायंट स्लालमचे कांस्य, आणि २०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगला पुन्हा कांस्य, अशी ऑलिंपिकची तीन पदके त्याच्या नावावर आहेत. इतक्या पुण्याईवर आपल्याकडे माणसाच्या नावाने एखादा चौक तरी झाला असता. इंटरनेटवर मात्र मी त्याला शोधायला निघालो की दर वेळी व्हिक वाइल्डच्या लग्नात जाऊन पोहोचतो.

हा वाइल्ड मूळचा अमेरिकन. तिकडे या प्रकाराला पैसा मिळेना, तेव्हा रशियन स्नोबोर्डपटू अलेना झावारझिना हिच्याशी लग्न करून तो रशियाकडून उतरला आणि सोचीत समांतरची दोन्ही सुवर्णपदके घेऊन गेला. त्यांतल्या पहिल्या सुवर्णाच्या दिवशी पत्नीनेही कांस्य मिळवले. अशा जोडप्यापुढे, समांतर स्लालमची अंतिम शर्यत याच वाइल्डकडून ०.११ सेकंदाने हरलेल्या कोशिरसारख्या सज्जन माणसाची चित्रफीत कोण पाहणार? बरे, मायदेशात तरी कौतुक व्हावे, तर त्याच सोचीत त्याच्याच देशाच्या टीना माझे या स्कीपटूने दोन सुवर्णपदके जिंकली होती, आणि आता सायकलपटू पोगाचार व बास्केटबॉलपटू डोंचिच या देशबांधवांनी उरलीसुरली जागाही व्यापली आहे. स्लोव्हेनियाची सारी लोकसंख्या सुमारे २१ लाख, म्हणजे एकट्या पुण्याहून कमी. तिने तरी किती जणांना डोक्यावर घ्यावे!

त्यातून कोशिरच्या प्रकारात हवेतल्या कोलांट्या नाहीत. लाल आणि निळ्या अशा शेजारशेजारच्या दोन मार्गांवरून दोघे जण दारे (बर्फात रोवलेल्या खुणेच्या काठ्या) चुकवत नव्हे, तर एकही दार न चुकवता खाली येतात, आणि निकाल शतांश सेकंदावर लागतो. मला हे पाहताना घाम फुटतो, सौ. मात्र चष्मा पुसत म्हणते, "अहो, तुम्ही न्हाणीघरात घसरलात तेव्हा आपण डॉक्टरांना पैसे दिले, आणि याला घसरण्याबद्दल पदक?" या युक्तिवादाला माझ्याजवळ अद्याप उत्तर नाही.

प्याँगचांगच्या उपांत्य फेरीत तर तो ०.०१ सेकंदाने हरला, तेही यजमान कोरियाच्या ली सांग-होकडून. ली लहानपणी कोबीच्या शेतातल्या घसरगुंडीवर शिकल्यामुळे त्याला तिकडे 'कोबीवाला पोरगा' म्हणतात. परिणामी मी कोशिरचे नाव टाकून त्या शर्यतीचा माग काढू लागलो की आधी ली येतो, मग कोबीचे मळे येतात, आणि माझी अभिरुची ओळखल्याच्या थाटात मोबाइल मला कोबीच्या भज्यांच्या पाककृती दाखवू लागतो. त्यांतली एक सौ.ने लगेच लाइक केली, आणि किसणी माझ्या हातात दिली.