तक्रार मरू देऊ नका

तर मंडळी, नागरिक म्हणून तुमच्याकडं नेमकं काय आहे? मतदार कार्ड, आधार, पॅन, हे सगळं कपाटात कुठंतरी असेल, पण ते झाले कागद. खरी इस्टेट म्हणजे तक्रार. जमीन भाऊबंदकीत जाते, सोनं चोर नेतो, तक्रारीचं तसं नाही, जेवढी वाटाल तेवढी वाढते. माझ्याकडं एक खड्डा होता, आमच्या सोसायटीच्या गेटसमोर, चांगला तीन पावसाळे जपलेला, पाहुणे आले की चहाच्या आधी त्याचाच विषय निघायचा. तो हातचा कसा गेला ते पुढं सांगतोच, तुमचं तसं होऊ नये म्हणून तर लिहायला बसलोय.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा, हक्क आपले आणि कर्तव्यं लोकांची. हसू नका, इतिहास पण आपल्याच बाजूनं आहे. मूलभूत हक्क १९५० पासूनचे, आणि ते मोडले तर कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्ट गाठता येतं. मूलभूत कर्तव्यं आली १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे ऐन आणीबाणीत, हक्क गुंडाळून ठेवलेले होते तेव्हा कुणाला तरी आठवलं की अरे यांना कर्तव्यं द्यायची राहूनच गेली. आधी दहा होती, २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणाचं अकरावं आलं. आणि मजा म्हणजे नुसतं ५१ क, म्हणजे या कर्तव्यांचं कलम, पाळलं नाही म्हणून कुणी शिक्षा करत नाही. यादी एकदा वाचून बघा, नद्या-तळी सांभाळा, सार्वजनिक मालमत्ता जपा वगैरे वगैरे, पण मतदान करा असं त्यात कुठंच नाही! कर भरा असंही नाही, ही कर्तव्यं सुचवणाऱ्या स्वर्णसिंग समितीनं ते सुचवलं होतं पण शेवटच्या यादीत आलंच नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन मात्र आहे. फॅमिली ग्रुपवर काही ढकलायच्या आधी तो दोन सेकंद आठवावा, आणि मग ढकलावं.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते, कायद्यानं, ती सोडू नका. शनिवार-रविवार जोडून आला तर बॅगा भरा. फारच लाज वाटली तर जा बूथवर, पण यादीत नाव आहे का हे आदल्या रात्रीपर्यंत अजिबात बघायचं नाही. नवीन नावाला फॉर्म ६, घर बदललं की फॉर्म ८, दोन्ही मोबाईलवरून भरता येतात, म्हणूनच भरायचे नाहीत, कारण बूथवर उभं राहून "माझं नावच गायब केलं" म्हणण्यात जी मजा आहे ती फॉर्म भरण्यात नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्या स्वतःचं नाव सांगायलाच तयार नव्हत्या, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई एवढंच सांगायच्या. त्यांना नाव सांगायची चोरी होती, आपल्याला शोधायचा कंटाळा आहे. आणि हिमाचलच्या श्याम सरण नेगींसारखी माणसं तर आपली अडचणच करून ठेवतात, त्याच पहिल्या निवडणुकीत ऑक्टोबर १९५१ मध्ये मत दिलं आणि २०२२ मध्ये १०५ व्या वर्षी, जायच्या दोन-तीन दिवस आधी, पोस्टल मत देऊन मग गेले. एवढी काय घाई होती काय माहीत. असं कुणी वागलं की आपल्या गुडघेदुखीला काही किंमतच राहत नाही ना.

गावाकडं असाल तर तुमच्याकडं याहून भारी सोय आहे, ग्रामसभा. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तुम्ही फक्त जायचं नाही. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग पाचसात जण बसून काय ते मंजूर करून टाकतात, वहीवर सही घ्यायला शिपाई घरी आला तर करून टाकायची, आणि नंतर पारावर बसून म्हणायचं की आम्हाला कुणी विचारलंच नाही. पुढच्या सभेपर्यंत पुरतं एवढं.

ओला-सुका कचऱ्याचं विचारू नका. गाडीत शेवटी सगळं एकच करतात हे तुम्हाला माहितीये, मलाही माहितीये, गाडीच्या मागं जाऊन बघितलंय दोघांपैकी कुणीच नाही.

आता माझा खड्डा. दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, रिटायर्ड, वरून अगदी साधे वाटतात. त्यांनी एक दिवस माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. मला सांगितलं असतं तर मी अडवलं असतं, पण हल्ली कोण विचारतंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बस. माहिती कशाला पाहिजे हे सुद्धा सांगावं लागत नाही, २००५ च्या कायद्यात तसं लिहूनच ठेवलंय, म्हणजे आपल्यासारख्यांचा काही विचारच केलेला नाही. त्यातल्या त्यात महाराष्ट्रानं २०१२ मध्ये नियम केला की अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत पाहिजे, मला वाटलं सुटलो, आपला माणूस दीडशे शब्दांत नमस्कार पण संपवत नाही. काकांनी चार ओळीत संपवलं. रस्ता कधी केला, कुणी केला, किती पैसे गेले, दोषदायित्व कालावधी किती.

तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तीस उलटले, मला जरा हायसं वाटलं, तर काकांनी पहिलं अपील टाकलं. मग आलं उत्तर. रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपायला अजून आठ महिने होते, म्हणजे तोपर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. मी तीन वर्षं त्या खड्ड्यावरून सरकारं पाडली राव, आणि हा एवढा कागद कधी बघितला नव्हता. काकांनी तो जोडून साधं पत्र दिलं, आवक शिक्का मारून पोच घेतली, आणि पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी खडी, डांबर, रोलर. मी गॅलरीत ब्रश घेऊन उभा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या रविवारी पाहुणे आले. चहा झाला, बिस्किटं झाली, मग सगळे नुसते पंख्याकडं बघत बसले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की आता स्वातंत्र्य मिळालं, इंग्रजांच्या नावानं बिल फाडायची सोय गेली, यापुढं काही बिघडलं तर दोष द्यायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. आपण ते भाषण शाळेत ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि घरी येईपर्यंत दोष द्यायला निदान पन्नास जण शोधून काढले, त्यात शेजारच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी पण आला. स्वतःचं नाव त्या यादीत आहे का, ते मी बघितलं नाही. मतदार यादीत बघत नाही तर इथं कुठं बघू.

असो, माझं अगदीच वाईट चाललेलं नाही. रस्ता गुळगुळीत झाल्यापासून पोरं गेटसमोरून गाड्या नुसत्या सुसाट नेतात. परवा लिफ्टमध्ये मी विषय काढला, म्हटलं काय हे, एखादा माणूस मरेपर्यंत वाट बघणार का हे लोक, इथं स्पीड ब्रेकर नको का. चौघांनी माना डोलावल्या, कुणीतरी "सिस्टिमच तशी आहे" म्हणालं, छातीत कसं गार वाटलं. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "अर्ज लिहून देऊ का?"

म्हटलं, नको नको काका, तुम्ही तब्येत सांभाळा.