झामरकोट्राचे ते गोल दगड डायनासोरची अंडी नाहीत

उदयपूरजवळ झामरकोट्राला दगडात डायनासोरची अंडी सापडली असा फोटोसकट मेसेज फिरतोय, काल मीही तो दोन ग्रुपवर टाकला, चुकलंच माझं, म्हणून हा खुलासा. फोटोतले एकात एक गोल थर म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या चिकट थरावर गाळ बसत बसत ते वाढले. तो खडक अरावलीतला डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखाच एक खडक आहे, दीडशे कोटी वर्षांहून जुना, आणि डायनासोर आले साधारण 23 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मेळच बसत नाही. खरी अंडी सापडलीत ती गुजरातेत बालासिनोरकडे, डायनासोरच्याच काळातल्या लामेटा नावाच्या खडकांत.

आणि डोलोमाइट नुसत्या रंगावरून ठरवत नाहीत हो. खडकात निम्म्याहून जास्त डोलोमाइट खनिज, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट, असेल तरच ते नाव. कॉलेजात आम्ही पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून बघायचो, चुनखडी लगेच फसफसायची, डोलोमाइट जवळजवळ गप्प, चाकूने खरवडून भुकटी केली की मग कुठे बारीक बुडबुडे यायचे.

प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.