भिंतीतला प्लास्टिकचा पाइप उखडण्याआधी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: घराच्या भिंतीत पीव्हीसी पाइपातून वायरिंग असेल तर शॉर्टसर्किट होताच पाइप पेट घेतो, विषारी वायू सुटतो, दहा वर्षांत प्लास्टिक कुजतं, कायद्याने लोखंडी पाइपच लागतो, आणि लोखंडाने अर्थिंगही आपोआप मिळतं, म्हणून सगळं फोडून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप टाका. या संदेशाच्या भीतीने लोक चार इंची भिंतींना पाइपासाठी आडव्या झिऱ्या (खाचा) मारून घेत आहेत, म्हणून हे लिहायला हवं.

कायद्याचा मुद्दा लगेच मिटतो. आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा भाग २ पोलादी पाइपांचा, तर भाग ३ इन्सुलेटिंग पदार्थाच्या कडक पाइपांचा आहे. वायरिंगची संहिता, आयएस ७३२, दोन्ही प्रकारांना मान्यता देते.

‘पाइप पेट घेतो.’ शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. त्यामुळे कडक पीव्हीसीला ज्योत लावली की ते जळतं, ज्योत काढली की विझतं. स्वतःहून जळत राहायला त्याला साधारण ४५ टक्के ऑक्सिजन लागतो. हवेत असतो २१ टक्के. त्यातून पाइप प्लास्टरच्या आत गाडलेला. पण तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो हे खरं आहे, आणि खरा प्रश्न तिथेच आहे: भिंतीच्या आत इतकी उष्णता येते कुठून?

ती येते वायरीतून. साध्या पीव्हीसी वायरीचं इन्सुलेशन सतत ७० अंशांपर्यंतच टिकतं. पाइपातली अडीचची (अडीच चौरस मिमी) तांब्याची वायर आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधारण २० अँपिअर सुखाने वाहते. दीड टनाचा एसी आणि गीझर एकाच लाइनवर घेतल्याने एमसीबी (प्रवाह जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, की वायर तीच ठेवून ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला जातो. एमसीबीचा नियम असा, की रेटिंगच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर तरी पडता कामा नये, १.४५ पटीला तासाच्या आत पडायलाच हवा. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर निवांत सोडतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे २० च्या वायरीत तिप्पट उष्णता. अशा वायरीभोवती पाइप लोखंडी असला तरी इन्सुलेशन वितळणारच. अडीचच्या वायरीला १६, फार तर २० चा एमसीबी, आणि एसी व गीझरला चारची स्वतंत्र लाइन, हा यावरचा उपाय.

दुसरं कारण ढिलं कनेक्शन. तिथे प्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबीला कळतही नाही. फक्त टर्मिनल तापत राहतं. ते सॉकेटच्या मागे किंवा डीबीत (एमसीबींच्या पेटीत) घडतं. पाइपात ते घडायचं एकच निमित्त, ते म्हणजे मध्येच मारलेला जॉइंट. जॉइंट बॉक्समध्येच असला पाहिजे, पाइपात कधीच नाही.

‘विषारी वायू.’ पीव्हीसी जळलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि दाट काळा धूर निघतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जीआय पाइपातही वायर पीव्हीसीचीच असते. धुराची काळजी असेल तर पैसा वायरीवर घाला: एफआरएलएस (आग कमी पसरवणारी, कमी धूर सोडणारी) घ्या, जमल्यास हॅलोजनमुक्त.

‘दहा वर्षांत कुजतं.’ सिमेंट पीव्हीसीला खात नाही, आणि भिंतीत ऊन पोहोचत नाही. गच्चीवर उघड्यावर टाकलेला पाइप मात्र उन्हाने ठिसूळ होतो. तिथे तो नकोच. उलट वाशी, ऐरोली, कळव्याच्या खाडीकाठच्या हवेत आणि बाथरूमच्या गळतीत जीआय पाइप आधी आट्यांपाशी गंजतो, कारण आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो.

म्हणूनच ‘लोखंडाने अर्थिंग मिळतं’ हा दावा सगळ्यांत घातक वाटतो. गंजलेल्या जोडावर अर्थिंग तुटतं. कापलेल्या तोंडाची धार रीमरने घासली नसेल, बुश लावला नसेल, तर तीच वायरीची साल कापते, आणि तुटलेल्या जोडापुढचा अख्खा पाइप जिवंत होतो (त्यात वीज उतरते). पाइप कोणताही असो, हिरवी अर्थ वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत वेगळी न्यावी, प्लास्टिक पाइपाला जोडलेल्या लोखंडी स्विचबॉक्सलाही ती जोडावी, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळता प्रवाह ओळखून लाइन तोडणारा स्विच) असावा.

प्लास्टिक पाइपाच्या खऱ्या तक्रारी वेगळ्या आहेत, आणि त्या बांधकामाच्या वेळीच जन्मतात. स्लॅबमध्ये लाइट दर्जाचा एलएमएस पाइप टाकला तर व्हायब्रेटरखाली आणि मजुरांच्या पायाखाली तो चेपतो. तिथे किमान मध्यम दर्जाचा एमएमएस, शक्यतो जड दर्जाचा एचएमएस हवा. वरच्या-खालच्या सळयांमध्ये बाइंडिंग वायरने बांधलेला, पाइपांच्या प्रत्येक जोडाला (सॉकेटला) चिकटवायचं सोल्युशन लावलेलं. सोल्युशन राहिलं की सिमेंटचं पाणी आत शिरून घट्ट होतं, मग वायर जात नाही. बेंड मेणबत्तीवर तापवून केला तर पाइप चपटा होतो. स्प्रिंग घालून, ७.५ सेंमीपेक्षा कमी त्रिज्या न ठेवता वळवावा. वळणं असलेल्या २५ मिमी पाइपात अडीचच्या सहाच वायर घालाव्यात.

तेव्हा झिऱ्या मारण्याआधी तपासणी करा. लाइन बंद करून, उपकरणं काढून, परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगोहमच्या खाली आलं तर ती लाइन दुरुस्त करायची आहे. जुनी वायर ओढून पाहा. ती सरकली तर तिच्याच मागे नवी बांधून खेचता येते, भिंतीला हात न लावता. अडकली, तर तेवढाच तुकडा फोडा.

संदेशातला धोका शोधायचाच असेल तर तो घराबाहेर आहे: जिना, लॉबी, पार्किंग आणि मीटरपासून वर जाणारा इलेक्ट्रिक डक्ट. तिथे वायरी उघड्यावर असतात, आणि धूर थेट लोकांच्या पळायच्या वाटेवर येतो. तिथे लोखंडी पाइप किंवा ट्रे योग्य, आणि फायर पंपाची केबल स्वतंत्र मार्गाने. डक्टमधल्या चपला, रद्दी, जुनी दारं आधी हलवा. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधलं केबलभोवतीचं भोक फायर-रेटेड सीलंट किंवा मॉर्टरने बुजवा. साधा पीयू फोम तिथे वापरू नका, तो स्वतःच पेटतो.