मिररलेस कॅमेरा खेळणं नाही: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा: छोटे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, ही निव्वळ खेळणी. बॉडी लहान म्हणून सेन्सर लहान, मोबाईलचे मेगापिक्सेल त्याहून जास्त, आरसा नसल्याने फोकस मंद, हॉलमध्ये फोटोवर पट्टे येतात आणि बॅटरी लग्न लागेपर्यंत टिकत नाही. म्हणून नव्या मुलांनी आरशाचा डीएसएलआरच घ्यावा. यंत्रमागावर राबणाऱ्या घरातला एक मुलगा हा मेसेज घेऊन माझ्याकडे आला. मिररलेससाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स परत मागू का, असं विचारत होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेन्सरपासून, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपपासून सुरू करू. 2014 सालचे दोन कॅमेरे घ्या, निकॉन डी3300 हा डीएसएलआर आणि सोनी ए6000 हा मिररलेस. दोन्हींचा सेन्सर 23.5 × 15.6 मि.मी., दोन्ही 24 मेगापिक्सेलचे. बॅटरी-कार्डासह सोनीचं वजन 344 ग्रॅम, निकॉनचं त्याहून शंभरेक ग्रॅम जास्त. बॉडी लहान झाली ती आरशाची पेटी आणि दृश्य डोळ्यापर्यंत नेणारा वरचा उंचवटा गेल्यामुळे. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून (माउंट) सेन्सर 46.5 मि.मी. आत असतो, सोनीच्या मिररलेसमध्ये 18. कमी झाली ती मधली पोकळी.

मेगापिक्सेलचं म्हणाल, तर बहुतेक मोबाईलचा सेन्सर 10 मि.मी. रुंदही नसतो. पिक्सेल इवले, त्यांना प्रकाश कमी; म्हणूनच 50 मेगापिक्सेलचा फोन सहसा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. अल्बमचं 12 × 18 इंची पान 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) छापायला साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. चोवीस पुरून उरतात.

फोकसची तक्रार जुनी आहे आणि एके काळी ती खरी होती. पॅनासॉनिकचा जी1 2008 मध्ये आला तेव्हा असे कॅमेरे फक्त कॉन्ट्रास्ट पाहून फोकस शोधायचे, पुढेमागे सरकत. नंतर फेज डिटेक्शनचे, म्हणजे फोकस कुठल्या बाजूला किती सरकवायचा ते लगेच सांगणारे बिंदू थेट सेन्सरवरच आले. ए6000 मध्ये ते 179 आहेत, डी3300 मध्ये फोकसचे बिंदू 11. शिवाय डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली बसवलेला असतो. तो केसभर हलला की डोळ्यांऐवजी कान शार्प येतात. मिररलेसमध्ये फोटो काढणारा सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे ही भानगडच उरत नाही.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या आपल्या सिद्धेश्वर यात्रेत, अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याजवळ उभं राहून पाहा. सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या), भोवती पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, वरून ऊन. एवढं पांढरं समोर असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली आणतं. बाराबंदी राखाडी होते आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. डीएसएलआरच्या काचेतून हे दिसत नाही, फोटो काढल्यावर कळतं. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या छोट्या स्क्रीनवर, आधीच दिसतं. मी झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, चालू ठेवतो, बाराबंदीच्या खांद्यावर तिरपे पट्टे नुकते उमटेपर्यंत एक्स्पोजर वाढवतो आणि मग बटण दाबतो. अक्षता पडतात तो क्षण परत येत नाही, तिथे मागच्या स्क्रीनवर काढलेला फोटो बघत बसायला वेळ कुठे असतो?

हॉलमधले पट्टे माझ्याही फोटोंत आलेत, एका लग्नात सप्तपदीच्या निम्म्या फोटोंत. पण ते सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमुळे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. मेकॅनिकल शटर लावा, स्पीड 1/100 किंवा 1/50 ठेवा, बहुतेक हॉलमध्ये काम होतं.

बॅटरीचा मुद्दा मात्र मान्य. ए6000 ची अधिकृत संख्या 360 फोटो, डी3300 ची 700. सलग बर्स्टमध्ये त्याहून बरेच निघतात, तरी हळदीपासून वरातीपर्यंत जायचं तर चार बॅटऱ्या खिशात हव्यातच. त्यांचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. त्या मुलालाही मी हेच सांगितलं: कॅमेरा घे, पण जादा बॅटऱ्या त्याच बिलात घे.

धुळीबद्दल मेसेज गप्प आहे, पण ती खरी अडचण आहे. आरसा नाही, त्यामुळे लेन्स काढली की बहुतेक बॉडीत सेन्सर उघडा पडतो. कॅमेरा बंद करायचा, तोंड जमिनीकडे धरायचं, दुसरी लेन्स हाताशी तयार ठेवायची. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या) दिवसांत होम मैदानावर तर लेन्स बदलायचीच नाही. निघण्यापूर्वी घरीच ठरवून लावायची.