दोन मुलींनंतर मुलगा 'जवळपास नक्की'? साफ खोटं

'संभाव्यता पाच मिनिटांत' असा दहावीच्या मुलांसाठीचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. चोपड्याला माझ्या भाचीने तो घरात मोठ्याने वाचला. त्यात लिहिलंय, 'तीन अपत्यांत किमान एक मुलगा असण्याची संभाव्यता 7/8. म्हणून दोन मुली असतील तर तिसरा मुलगा जवळपास नक्की.' तिच्या काकूला दोन मुलीच आहेत. आजी लगेच म्हणाली, "आते पोऱ्याच व्हई." काकू न बोलता आत निघून गेली. हे कळल्यापासून माझा संताप आवरत नाही.

7/8 बरोबर आहे, पण एकही मूल झालेलं नसताना. मुलगा-मुलगी समसंभाव्य, म्हणजे दोघांची शक्यता सारखीच, धरले तर तीन अपत्यांचे आठ क्रम होतात आणि फक्त एकात तिघी मुली. पण दोन मुली अंगणात खेळतायत म्हटल्यावर आठातले सहा क्रम बाद झाले. उरले दोन: मुलगी-मुलगी-मुलगा आणि मुलगी-मुलगी-मुलगी. उत्तर 1/2, पहिल्या खेपेला होतं तेवढंच. बापाकडून एक्स गुणसूत्र येतं (मुलगी) की वाय (मुलगा), यावर ते ठरतं; आधी किती बहिणी झाल्या याचा त्याच्याशी संबंध नाही. असल्या 'नक्की'वर विसंबून बाईला तिसऱ्या बाळंतपणाला लावतात आणि मुलगी झाली की बोल तिलाच. गर्भलिंगनिदान रोखायला 1994 साली कायदा करावा लागला त्या देशात पोरांना गणित म्हणून हे वाचायला देता?

'दोनच प्रकार असतील तर उत्तर 1/2' हेही त्यातच. भरताच्या 10 वांग्यांत 3 किडकी असतील, तर न बघता उचललेलं वांगं किडकं निघण्याची संभाव्यता 3/10. प्रकार नाही, वांगी मोजायची. ही चूक मोठ्यांनीही केलीय, हे मान्य. फ्रेंच गणिती दालाँबेरने 1754 मध्ये दोन नाणेफेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता 2/3 सांगितली. पहिल्या फेकीत छापा आला की थांबायचं, म्हणून त्याने तीनच निष्पत्ती (शक्य निकाल) धरल्या: छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्या समसंभाव्य आहेत का, हे पाहिलं नाही. खरं उत्तर 3/4. दहावीच्या गणित भाग 1 मधलं पाचवं प्रकरण नीट वाचलं तरी हा घोळ होत नाही.

'दोन वस्तू एकदम काढल्या तर उत्तर बदलतं' हेही चूक. दोन्ही वांगी किडकी निघण्याची संभाव्यता एकामागून एक उचलली तर 3/10 × 2/9, एकदम उचलली तर 45 जोड्यांपैकी 3 किडक्या, म्हणजे 3/45. दोन्हीकडे 1/15.

'किमान एक' दिसलं की 1 मधून 'एकही नाही' वजा करा, ही युक्ती मात्र खरी. भाचीला तेवढी ठेवायला सांगितली. आजीला आठ क्रम मी रविवारी चोपड्याला जाऊन पाटीवर लिहून दाखवणार आहे, काकूच्या समोर.