बाजार कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या तालुक्याच्या गावातली जुनी बाजारपेठ, म्हणजे कापड लाईन, सराफा लाईन, किराणा ओळ आणि गुजरी म्हणजे भाजीबाजार, सावरायची असेल तर नगर परिषद आणि व्यापारी यांनी एक समिती आणि एक खातं करून काम करावं. यावर तुमचं म्हणणं असं: बाजार बायपासवर आणि मोबाईलवर गेला, तो आता परत येत नाही. जनतेच्या कराचा पैसा चार शेठजींची दुकानं वाचवायला का घालायचा? नगर परिषदेच्या हाती निधी दिला की भलं फक्त ठेकेदाराचं होतं. आणि ही सगळी परदेशी कल्पना आहे. तुमच्या वडिलांचं दुकान याच ओळीत कित्येक वर्षं कुलूपबंद आहे, हेही तुम्ही लिहिलंत.

ठेकेदाराबद्दलची तुमची चीड रास्त आहे, तिथूनच सुरू करतो. कापड लाईनमधला सिमेंट रस्ता बघा. जुना थर न उखडता त्याच्यावर नवा थर, काही वर्षांनी त्याच्यावर आणखी एक. पूर्वी दुकानात जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता उतरावं लागतं. एका दुकानदाराने उंबऱ्यावर विटांचे तीन थर रचून सिमेंटने लिंपून घेतले आहेत. मिरगाचा पाऊस आला की तो खालच्या रॅकमधले साड्यांचे गठ्ठे उचलून टेबलावर ठेवतो, आणि खेड्यावरून आलेली म्हातारी माय एका हाताने लुगडं सावरत, दुसऱ्या हाताने शटरची पट्टी धरून तो बांध ओलांडते. हे काम सरकारी पैशातूनच झालं. त्या ओळीतल्या एकालाही कोणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या ओट्याची पातळी किती आहे. काम निघण्याआधी इस्टिमेट त्या लोकांपुढे ठेवलं असतं, तर ‘जुना थर खोदून काढणे’ ही पहिली बाब त्यांनीच लिहून घेतली असती. ठेकेदाराच्या भीतीने निधीच अडवला, तर ते पाणी दुकानात असंच शिरत राहील. मला निधी हवा आहे, आणि त्याच्यावर ज्यांच्या दारात काम होणार त्यांची नजरही हवी आहे.

आता बायपास. बाजार आपल्या पायांनी तिकडे गेला, हे मला पटत नाही. तो नेला गेला. तहसील, दुय्यम निबंधक, कोर्ट अशी कार्यालयं गावातल्या जुन्या इमारतींमधून एकेक करून बाहेरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत हलली. पूर्वी सातबारा काढायला किंवा तारखेवर आलेला माणूस काम उरकून चालत बाजारात येई. चहा-भजी खाई, विळ्याला धार लावून घेई, पोरासाठी चपला घेई. आता तो तिथूनच काळीपिवळीत बसून गावी परत जातो. या निर्णयात ग्राहकाची निवड कुठे होती? वऱ्हाडातल्या गावांना हे नवं नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे थांबली तेव्हा लहानलहान स्टेशनांजवळच्या दुकानांचंही हेच झालं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याचे फायदे आहेतच, पण त्यावरून ताशी शंभरच्या वेगाने जाणारा माणूस आपल्या गुजरीत भाजी घ्यायला उतरणार नाही. आपलं गिऱ्हाईक आजूबाजूच्या खेड्यांतलं आहे, आणि ते अजून आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गुजरीत पाय ठेवायला जागा नसते.

मोबाईलबद्दल एवढंच म्हणेन की लग्नाचा बस्ता अजून पंधरा माणसं गादीवर बसूनच काढतात, आणि कापूस विकून पैसा हाती येईपर्यंत थांबणारी उधारी कोणतंही ॲप देत नाही. कव्हर, चार्जर, इअरफोन यांचा धंदा गेला तो गेला, त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

शेठजींचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारात बसतं कोण, हे मोजा. सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, मिरची, घरची तूरडाळ घेऊन आलेल्या बाया दुकानदारांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बाजार वसुलीचा ठेकेदार प्रत्येकीकडून पैसे घेऊन पावती फाडतो. त्या पावतीच्या बदल्यात तिला काय मिळतं? सावली नाही, नळ नाही, मुतारी आहे ती पुरुषांची. सकाळी सातच्या एसटीने आलेली बाई संध्याकाळपर्यंत घोटभर पाणीसुद्धा जपून पिते, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. मी सरकारी पैसा मागतो तो आधी यासाठी. बायांसाठी स्वच्छतागृह, पाणी, शेड, दिवे. यात शेठजींचा फायदा होईल का? होईल. बाई दुपारी निवांत झाली की जाताना किराणा भरते, पोरीला फ्रॉक घेते. तिची कमाई त्याच ओळीत खर्च होते, आणि म्हणूनच ओटेवाला आणि दुकानवाला यांना वेगळं काढून बाजार सावरता येत नाही.

परदेशी कल्पना म्हणालात, तर वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड आठवा. हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे तेव्हा वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज रेसिडेंटच्या, आदेशाने १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार तिथे सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. इंग्रजांचा हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला आणि स्वस्त कापूस मिळावा हाच होता, त्याचं कौतुक नको. पण सरकारने नियम करायचे, व्यापाऱ्यांनी समितीत बसायचं आणि बाजाराच्या फीवर बाजार चालवायचा, ही रीत आपल्या मातीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यातली खोटही तेव्हाचीच: त्या समितीत शेतकऱ्याला जागा नव्हती. म्हणून आज समिती करताना व्यापारी संघाचे पाच जण आणि दोन नगरसेवक एवढ्यावर भागणार नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला हव्यात. आपल्याकडे ही समिती कागदावर आहे. गुजरीतल्या बाया तिच्यात खरोखर बसल्या, तर तुमचा ‘चार शेठजी’ हा आक्षेप उरणार नाही.

परदेशातलं एकच उदाहरण मी देतो, कारण ते व्यापाऱ्यांनी स्वतः उभं केलेलं आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर स्ट्रीटच्या पश्चिम भागात दुकानांची लांब ओळ आहे. शहरात मोठे मॉल आले, आणि १९६८ मध्ये भुयारी रेल्वे तिथवर पोचल्यावर रस्त्यावरची ट्राम बंद झाली. चढता-उतरता दुकानात डोकावणारी माणसं जमिनीखालून जाऊ लागली. व्यापाऱ्यांना दिवे, बाकं, झाडं हवी होती, पण वर्गणी काढली की थोडे देत आणि फायदा सगळे घेत. शेवटी त्यांनीच मागणी केली की पालिकेने या ओळीतल्या प्रत्येक दुकानाकडून नियमाने पट्टी वसूल करावी आणि ती याच ओळीसाठी आमच्या मंडळाला द्यावी. १९७० मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. पुढे अनेक देशांनी हीच पद्धत उचलली.

आपल्या गावात वर्गणीचं काय होतं, तुम्ही जाणता. सीसीटीव्ही बसवायला म्हणून जमा झाली, पहिल्या वर्षी कॅमेरे चालले, नंतर दुरुस्तीचे पैसे कोणी देईना. म्हणून माझी मागणी ठोस आहे. नगर परिषदेच्या गाळ्यांचं भाडं आणि बाजार वसुली यांतला ठरलेला हिस्सा अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली फक्त बाजारपेठेसाठी राखावा. व्यापारी संघाने लेखी करार करून तेवढीच भर घालावी. खर्चाचा तक्ता दर तीन महिन्यांनी गुजरीच्या फाटकावर लागावा, त्यात ठेकेदाराचं नाव आणि रक्कम असावी. मधली काही वर्षं प्रशासकांचा कारभार होता, निवेदन देऊन हाती पोच तेवढी मिळे. आता निवडून आलेलं सभागृह आहे, ठराव मागता येतो.

राहिलं तुमचं दुकान. ते बंद ठेवण्यामागची भीती मी समजू शकतो. भाडेकरू एकदा बसला की निघत नाही, हे आपल्या वडिलांच्या पिढीने भोगलंय. अशा भीतीने कुलूप लागलेली दुकानं त्या ओळीत बरीच आहेत, मालक नागपूर-पुण्याला असतात, आणि अंधार पडला की त्या पट्ट्यातून बायका-पोरी जायला कचरतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मुदत, रक्कम, जागा परत देण्याची अट, सगळं त्यात लिहिता येतं. तुम्ही नागपुरात असताना इथे नोंदणीची धावपळ करणं अवघड आहे, म्हणूनच समितीचं एक काम मी हेही ठेवलंय: वकील, कागदपत्रं आणि भरवशाचा गाळेकरी यांची जुळवणी करून देणं. गावात शिलाई, फॅब्रिकेशन, मोबाईल दुरुस्ती करणारी पोरं जागा शोधत बायपासवर जातात आणि तिथलं भाडं भरून दमतात.

निवेदनाचा मसुदा तयार आहे, मार्चच्या आत तो सभागृहापुढे जायला हवा. तुम्हाला ईमेलने पाठवतो. गाळ्यांच्या भाड्यातला किती हिस्सा राखावा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तुम्ही व्यापाऱ्याच्या घरात वाढलात, तुमचा आकडा काय असेल ते कळवा.