नोकरी लागत नाही याला पोरंच जबाबदार? मला पटत नाही, का ते सांगते

बडोद्याच्या आमच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा सख्ख्या काकांकडून. म्हणणं असं की डिग्री घेऊन पोरं घरी बसलीत याचं कारण एकच, त्यांना कष्ट नकोत. दिवसभर मोबाईल, इंग्रजी कच्चं, बडोदं सोडायची तयारी नाही, आणि कॉलेजला नावं ठेवू नका कारण अमुक कॉलेजात शंभर टक्के प्लेसमेंट होतंच ना. खाली अंगठ्यांची रांग.

काका, तुमचा मान ठेवून सांगते, हे चुकीचं आहे. मी १९ वर्षं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, क्वालिटीचं काम करतेय, माल रिजेक्ट का होतो ते शोधणं हाच माझा रोजचा धंदा, आणि 'कारण एकच' असं कोणी म्हटलं की मला पहिली शंका तिथेच येते. आमच्याकडे यासाठी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात, जपानच्या काओरू इशिकावांनी रूढ केलेली. डोक्याच्या जागी प्रॉब्लेम लिहायचा आणि काट्यांवर कारणांचे गट: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड, मोजमाप, बाहेरची परिस्थिती. एक काटा भरून बाकीचे कोरे ठेवले तर आमचे साहेब कागद परत देतात. या मेसेजमध्ये फक्त माणसाचा काटा भरलाय.

एक उदाहरण देते म्हणजे मी एवढी का पेटलेय ते कळेल. एका हिवाळ्यात पंचवीस एमएमचे बोअर, म्हणजे तुकड्यातली गोल भोकं, सकाळच्या पाळीत मोठे यायला लागले. सगळ्यांनी ठरवून टाकलं, ऑपरेटर झोपेत काम करतो. त्याला दुसऱ्या मशीनवर टाकलं, नवा माणूस आणला, रिजेक्शन तेवढंच. मग शेवटी कोणाला तरी सुचलं की तुकडे तासाप्रमाणे वेगळे ठेवून बघू, तर खराब माल जवळजवळ सगळा पहिल्या तासाचा निघाला. मशीन रात्रभर गार पडायचं आणि सेटिंग असायचं आदल्या संध्याकाळच्या गरम मशीनवरचं. सकाळी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायला लागलो, प्रश्न मिटला. त्या ऑपरेटरची मात्र कोणी माफी मागितली नाही, मीही नाही, ते अजून सलतं.

आता मोबाईल आणि आळस. टीसीएस या आयटी कंपनीने २०२१-२२ या एका वर्षात एक लाखाच्या वर फ्रेशर घेतले होते. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, त्याच कंपनीची माणसं १३,२४९ ने कमी झाली आणि इन्फोसिसची २५,९९४ ने. मोबाईल २०२१ मध्येही हातात होताच की, उलट लॉकडाऊनमुळे जास्तच होता! दोन वर्षांत पोरं बिघडली नाहीत, भरती आटली. आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ ची बेरोजगारी दिलीय, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के, लिहितावाचता न येणाऱ्यांत ३.४. याचा अर्थ न शिकलेले सुखी आहेत असा नाही हां, त्यांना घरी बसून वाट बघणं परवडतच नाही, मिळेल ते काम करतात. पण शिकलेल्यांना शिक्षणाला साजेशी कामं पुरत नाहीयेत हे त्यातून दिसतं.

इंग्रजीच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही, मुलाखतीत पोरं अडखळतात. पण तिथेच थांबू नका, टोयोटावाले जसं पाच वेळा 'का' विचारतात तसं विचारा. मागच्या वर्षी ट्रेनी घ्यायचे होते तेव्हा मीही मुलाखती घेतल्या. एका मेकॅनिकलच्या मुलाने स्वतःची ओळख इंग्रजीत छान घडाघडा सांगितली, मग मी त्याच्यासमोर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, आणि एक पिन ठेवली आणि गुजरातीत म्हटलं, माप बघू. त्याने मायक्रोमीटर उचलला, फिरवून बघितला आणि परत ठेवला. म्हणाला, "मॅडम, अमने तो डेमोज बताव्यो हतो." फक्त डेमो दाखवला होता. का? सगळ्या बॅचमध्ये एकच मायक्रोमीटर, तोही कपाटात कुलपात. का? हरवला तर लॅब असिस्टंटच्या पगारातून कापतील. का? नवा घ्यायला बजेट नाही. चौथ्या 'का'लाच आपण कॉलेजच्या ऑफिसात पोचतो, पोराच्या इंग्रजीपाशी नाही. तो खूप ओशाळला होता आणि मला त्याचा राग येत नव्हता, हे मला त्याला नीट सांगताही आलं नाही.

बडोदं सोडत नाहीत म्हणे. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला पुण्याजवळ चाकणला अठरा हजारांची ऑफर आली, कॉट बेसिस (खोलीतली एक खाट भाड्याने) आणि मेस धरून अकरा हजार तिथेच जात होते, घरी आईचं डायलिसिस. ती गेली नाही, यात आळस कुठे आला? इथल्या इथे हालोलला जायचं तर चाळीसेक किलोमीटर, आणि कंपनीची बस ट्रेनींना मिळेलच असं नाही.

आणि ते शंभर टक्के. हा मोजमापाचा काटा आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. आम्ही ऑपरेटरला बोलायच्या आधी गेज, म्हणजे मोजायचं साधनच, तपासतो. समजा वर्गात १२० मुलं आहेत, बॅकलॉग (राहिलेले विषय) नसलेली, साठ टक्क्यांच्या वरची आणि प्लेसमेंट सेलमध्ये नाव नोंदवलेली ४५. त्या ४५ ना ऑफर लेटर मिळालं की बोर्डावर शंभर टक्के झळकतात, उरलेली ७५ हिशोबातच नाहीत. ऑफर मिळून जॉईनिंग कधी आलंच नाही अशीही त्यात धरलेली असू शकतात. सरासरी पॅकेजचंही तेच, एकाला वीस लाख मिळाले की सगळ्यांची सरासरी फुगते. म्हणूनच कॉलेजांच्या सरकारी एनआयआरएफ रँकिंगमध्ये मीडियन पगार मागतात, म्हणजे सगळे ओळीने उभे केले तर अगदी मधल्या मुलाला किती मिळाले ते.

यंदा जूनमध्ये भाचीच्या ॲडमिशनला तीन कॉलेजांत गेले होते. प्रत्येक ठिकाणी एवढंच मागितलं: बॅचमध्ये एकूण मुलं किती, जॉईन किती झाली आणि मधला पगार किती, कागदावर लिहून द्या. दोन ठिकाणी रंगीत ब्रोशर मिळालं. तिसऱ्या ठिकाणच्या सरांनी रजिस्टर उघडलं, कॅल्क्युलेटर घेतला आणि एका कोऱ्या कागदावर तिन्ही आकडे लिहून खाली सही केली. आकडा शंभरच्या जवळपासही नव्हता. आम्ही तिथेच फी भरली.